सीट बेल्ट आणि लहान मुलांची कारसीट : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला घरात, सोसायटीत, पोराच्या शाळेच्या ग्रुपवर इतक्या वेळा विचारले गेलेत की म्हटलं एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकू. मी डॉक्टर नाही आणि आरटीओतलाही नाही, दोन मुलांचा बाप आहे. मोठा दीड वर्षाचा होता तेव्हा पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत होतो, पुढचा ट्रक एकदम थांबला, मी करकचून ब्रेक मारला. स्पीड चाळीसच्याही आत होता. पोरगा पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर होता, तिने त्याला दोन्ही हातांनी धरलेलं होतं, तरी तो सुटला आणि डॅशबोर्डवर कपाळ आपटलं. तीन टाके पडले. गाडी कशालाच धडकली नव्हती, नुसता ब्रेक लागला होता. त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं ते पण तेव्हाच.

शहरात चाळीस-पन्नासनेच चालवतो, मग बेल्टची काय गरज आहे?

पन्नासचा स्पीड आपल्याला कमी वाटतो कारण गाडीत बसून तो जाणवत नाही. हिशोब करून बघा, पन्नासच्या स्पीडने जाऊन भिंतीला धडकणं म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून खाली पडणं, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. ऐंशीला हाच आकडा २५ मीटर होतो आणि समृद्धीवर १२० ने चाललात तर जवळजवळ ५७ मीटर, म्हणजे अठरा-एकोणीस मजल्यांची बिल्डिंग. स्पीड दुप्पट झाला की मार चौपट होतो, म्हणून आकडे असे उड्या मारत वाढतात.

धडक झाली की गाडी थांबते पण आतला माणूस थांबत नाही, तो त्याच स्पीडने पुढे जात राहतो जोपर्यंत त्याला काहीतरी अडवत नाही. ते काहीतरी म्हणजे एकतर बेल्ट, नाहीतर स्टिअरिंग, काच, डॅशबोर्ड. बेल्ट काय करतो तर तुम्हाला सीटला धरून ठेवतो, म्हणजे पुढचं बॉनेट चेपत जातं त्या वेळात तुम्ही पण गाडीबरोबर हळूहळू थांबता, आणि जो मार बसायचा तो छाती, खांदा आणि कमरेच्या मजबूत हाडांवर वाटला जातो. आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी अडकवलेला बेल्ट व्होल्वो कंपनीचे इंजिनिअर निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने पेटंट असून तो बाकी सगळ्या कंपन्यांना वापरू दिला. इतक्या वर्षांत त्याच्यापेक्षा साधं आणि चांगलं काही निघालेलं नाही.

मागच्या सीटवर बेल्ट कशाला? मागे तर सेफ असतं ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि इथेच आपल्याकडची सगळ्यात जास्त माणसं चुकतात.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला तो सगळ्यांना आठवत असेल. गाडी महागातली, एअरबॅगवाली. गाडीत चौघं होते. पुढे बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले, मागे बसलेले दोघं गेले आणि मागच्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या आठ वर्षं आधी, ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघाले होते तेव्हा गाडीच्या अपघातात गेले, ते पण मागच्या सीटवर होते. मंत्री होऊन आठवडाच झाला होता, बीडला सत्काराला यायचे होते. त्यांनी बेल्ट लावला असता तर वाचले असते असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन जाहीरपणे म्हणाले होते. म्हणजे महाराष्ट्राने दोनदा हे डोळ्यांसमोर बघितलंय आणि तरी आज लग्नाला निघालेली कुठलीही गाडी बघा, मागे चौघं दाटीवाटीने बसलेले आणि बेल्ट कुणाच्याच अंगावर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की बेल्टमुळे पुढच्या सीटवरच्यांचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो आणि मागच्यांचा २५ टक्क्यांनी. मागचा आकडा कमी दिसतो म्हणून कुणी म्हणेल मग राहू दे, पण चारातला एक जीव वाचतो असा त्याचा अर्थ आहे, आणि तो चारातला एक आपल्या घरचा असू शकतो.

अजून एक गोष्ट जी कुणी लक्षात घेत नाही. मागे बेल्ट न लावता बसलेला ७० किलोचा माणूस धडकेत पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळतो, आणि पुढच्याने बिचाऱ्याने बेल्ट लावलेला असला तरी तो बेल्ट आणि मागून येणारा माणूस यांच्या मधे सापडतो. म्हणजे मागे बसलेले काका बेल्ट लावत नाहीत तेव्हा ते फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाहीयेत, पुढे बसलेल्या त्यांच्या मुलाचा पण घालतायत. माझ्या वडिलांना मी बाकी काही सांगून पटलं नाही, हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मुकाट्याने बेल्ट ओढला.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रिपोर्टप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं गेली. त्यातले ८,३८४ ड्रायव्हर आणि ८,३३१ सोबत बसलेले. रोजची पंचेचाळीस-सेहेचाळीस माणसं होतात ही.

बाळाला मांडीवर घट्ट धरून बसलं तर चालतं ना?

नाही चालत. मी वर सांगितलंच आमचं काय झालं ते.

गणित परत तेच. समजा बाळ १० किलोचं आहे, गाडी पन्नासने चाललीय आणि धडकेत अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर त्या क्षणी ते बाळ हातात धरून ठेवायला जवळजवळ २०० किलो वजन उचलण्याएवढी ताकद लागते, आणि ती पण डोळ्याची पापणी लवायच्या आत. कुठल्याही आईची, बापाची, पैलवानाची पण ती ताकद नसते. यात माया कमी-जास्त असण्याचा प्रश्नच येत नाही. बायको महिनाभर स्वतःला दोष देत होती की मी नीट धरलं नाही, आणि मला तिला हेच समजावून सांगावं लागलं की तू कितीही धरलं असतंस तरी तो सुटलाच असता, चूक धरण्यात नव्हती, मांडीवर बसवण्यात होती. आणि तो निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला होता.

मांडीवर अजून एक वाईट होतं. मोठ्या माणसाने बेल्ट लावला नसेल तर धडकेत त्याचं सगळं वजन पुढे जातं आणि बाळ त्याच्या आणि डॅशबोर्डच्या मधे चिरडतं.

एकच बेल्ट माझ्याभोवती आणि मुलाभोवती मिळून लावला तर?

हे तर अजिबात करू नका. धडकेत तुमचं वजन मागून मुलावर येतं आणि पुढून बेल्ट त्याला आवळतो, पोटातल्या नाजूक अवयवांना मार बसतो. दोन मुलांना मिळून एक बेल्ट लावणं पण तसंच. एक माणूस एक बेल्ट.

आमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत, मग?

एअरबॅग हा बेल्टचा जोडीदार आहे, बेल्टच्या बदल्यात दिलेला नाही. सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्यात ती फुगते, म्हणजे उशीसारखी हळुवार वगैरे काही नसते, जोरात अंगावर येते. बेल्ट लावलेला असेल तर तुम्ही योग्य अंतरावर राहता आणि फुगून झालेल्या बॅगवर टेकता. बेल्ट नसेल तर ती फुगत असतानाच तुम्ही तिच्यावर जाऊन पडता आणि तिचाच मार बसतो.

म्हणूनच लहान मूल पुढच्या सीटवर नको. आणि मागे तोंड करून बसवायची बाळाची कारसीट पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना कधीही म्हणजे कधीही लावू नका, एअरबॅग सरळ त्या सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते. पुढच्या सनशेडवर याचं चित्र असलेला स्टिकर असतो बघा, बाळ आणि त्याच्यावर लाल काट, तो याच्यासाठीच.

कायदा काय म्हणतो? दंड किती?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आलं. चालवणाऱ्याने बेल्ट लावला नाही किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेले तर १,००० रुपये दंड, आणि १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा कारसीटने बांधलेलं नसेल तर त्याचा पण १,००० रुपये. म्हणजे मुलांसाठीचा कायदा आपल्याकडे आहे, तो माहितीच नाही अशी परिस्थिती आहे. मागच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावायचा हा नियम तर त्याच्याही आधीपासून नियमावलीत होता, पाळत कुणी नव्हतं. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असं जाहीर केलं तेव्हा लोकांना वाटलं काहीतरी नवीनच आलंय.

खरं सांगायचं तर मी दंडाच्या भीतीने बेल्ट लावणाऱ्यांना नावं ठेवत नाही, कुठल्याही कारणाने लावा पण लावा. फक्त टोलनाका आला की ओढून छातीवर धरायचा आणि नाका गेला की सोडायचा हे करू नका, पुढच्या सुनसान रस्त्यावर स्पीड जास्त असतो आणि बेल्ट तिथेच लागतो.

कुठल्या वयाला कुठली कारसीट?

वयापेक्षा वजन आणि उंची बघा, कारण आपल्याकडची बरीच मुलं वयाच्या मानाने हलकी असतात आणि बॉक्सवर लिहिलेलं वय त्यांना लागू पडेलच असं नाही.

जन्मल्यापासून साधारण १३ किलोपर्यंत मागे तोंड करून बसवायची सीट. लोक विचारतात मागे तोंड का, बाळाला पुढचं काही दिसत नाही, बोअर होतं. त्याचं कारण असं की नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, म्हणजे शरीराच्या मानाने खूप जड, आणि मानेची हाडं अजून पक्की झालेली नसतात. पुढे तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडकतं आणि ते जड डोकं मानेला झटका देत पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं आणि मार सगळ्या पाठीवर पसरतो. वर्षाचं झालं, चालायला लागलं, म्हणून लगेच पुढे फिरवू नका. युरोपातल्या नव्या आय-साइझ नियमात तर कमीत कमी १५ महिने मागेच तोंड असं ठरवून दिलंय, आणि सीटची वजनाची लिमिट संपेपर्यंत मागे ठेवता आलं तर अजून चांगलं. पाय दुमडले जातात म्हणून काळजी करू नका, मुलं मांडी घालून आरामात बसतात, आपल्याकडच्या मुलांना तर मांडी घालायची सवयच असते.

त्यानंतर पुढे तोंड करून पाच पट्ट्यांची सीट, साधारण १८ किलोपर्यंत.

आणि मग बूस्टर, साधारण १५ ते ३६ किलो. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, बेल्ट गाडीचाच वापरायचा. हा टप्पा आपल्याकडे जवळजवळ सगळेच गाळतात, पाच वर्षांचं झालं की मोठं झालं असं धरून डायरेक्ट मोठ्यांचा बेल्ट. पण तो बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बनवलाय. बुटक्या मुलाला तो वरून गळ्यावर येतो आणि खालून पोटावर, आणि मग मूल काय करतं तर गळ्याला टोचतो म्हणून वरचा पट्टा पाठीमागे टाकतं. धडकेत पोटातलं आतडं, लिव्हर, सगळ्यावर तो खालचा पट्टा आवळतो. मूल पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकतायत, खालचा पट्टा मांडीच्या वरच्या भागावर बसतोय आणि वरचा खांद्याच्या मधोमध, असं होईपर्यंत बूस्टर. बहुतेक मुलांचं हे साधारण १४५-१५० सेंटिमीटर उंचीला जमतं, म्हणजे दहा-बारा वर्षांपर्यंत बूस्टर लागू शकतो. इंग्लंडमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोपर्यंत कारसीट किंवा बूस्टर कायद्यानेच लागतं.

विकत घेताना काय बघायचं?

पहिलं म्हणजे टेस्टचं लेबल. आर ४४ लिहिलेलं नारिंगी स्टिकर आणि गोलात ई आणि नंबर, किंवा नवीन आर १२९ म्हणजे आय-साइझ. नुसतं प्रीमियम क्वालिटी, सॉफ्ट कुशन वगैरे लिहिलंय आणि लेबल नाही तर घेऊ नका. ऑनलाइन कापडी पट्ट्यांचे जॅकेटसारखे स्वस्त प्रकार मिळतात, सीटला बांधायचे, त्याच्यावर असलं कुठलंच लेबल नसेल तर ते कारसीट म्हणून धरू नका.

दुसरं, तुमच्या गाडीत काय आहे ते बघा. मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळते तिथे बोटं घालून बघा, लोखंडी कडी हाताला लागली तर आयसोफिक्स आहे. त्यात सीट टक्क करून बसते आणि चुकीची बसवायची शक्यता खूप कमी होते. नसेल तर बेल्टने बसवायची सीट घ्या, ती पण नीट बसवली तर चांगलीच असते. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो, तिथे बहुतेक कारसीट बसत नाहीत, खिडकीची बाजू वापरा. गाडीच घेणार असाल तर भारत एनकॅपचं म्हणजे क्रॅश टेस्टचं रेटिंग बघताना फक्त मोठ्यांचे स्टार बघून खूश होऊ नका, मुलांच्या सुरक्षेचे मार्क वेगळे दिलेले असतात, ४९ पैकी, ते बघा. त्यात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचे पुतळे बसवून टेस्ट करतात.

जुनी सीट नात्यातल्या कुणाची मिळत असेल तर घ्या, पण तिचा अपघात झालेला नाही हे खात्रीने माहिती असेल तरच, आणि मागे छापलेली एक्स्पायरी बघून. प्लास्टिक उन्हाने म्हातारं होतं. अनोळखी माणसाकडून सेकंडहँड नको.

अमेरिकेतली बहीण तिच्या मुलाची कारसीट देतेय, इथे चालेल का?

हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत असतो. सीट मजबूत असते यात शंका नाही, अडचण बसवण्यात येते. तिथल्या गाड्यांचे बेल्ट पूर्ण ओढून सोडले की लॉक होतात आणि तिथल्या बऱ्याच सीट त्या भरवशावर बनवलेल्या असतात. आपल्याकडचे बेल्ट फक्त झटका बसला तरच लॉक होतात, एरवी ढिले सुटतात, त्यामुळे ती सीट डुगडुगत राहते. त्या सीटमध्ये स्वतःचा बेल्ट लॉक असेल, किंवा तुमच्या गाडीत आयसोफिक्स आहे आणि सीटच्या हुकांना चालतंय, तर हरकत नाही. बसवून हलवून बघा, मगच ठरवा. आणि तिकडे नातवंडांना बघायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी एक लक्षात ठेवा, कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या बाळाला, ते फारच मोठ्या अंगाचं नसेल तर, मागे तोंड करूनच बसवावं लागतं, सून लेक कडक वागतायत असं वाटून घेऊ नका.

बसवल्यावर नीट बसलीय हे कसं कळणार?

सीट जिथून बेल्टने पकडलीय तिथे हात धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, एका इंचापेक्षा जास्त हलली तर परत घट्ट करा, गुडघा टेकवून सगळं वजन टाकून बेल्ट ओढला की बसते. मग मुलाचे पट्टे. खांद्यावर पट्ट्याची चिमटीत घडी येते का बघा, येत असेल तर ढिला आहे. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असेल तर रेषेत किंवा वरून. जाड स्वेटर, कानटोपीचं जॅकेट घालून बांधू नका, कपडा दबतो आणि पट्टा आपोआप ढिला होतो, आधी बांधा आणि वरून शाल पांघरा. बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवणं पण चुकीचं, पट्टा दोन पायांच्या मधून जायला हवा.

बसवलं की नुसतं रडतं, गाडीत बसणंच नको होतं. काय करू?

मला माहितीय हे किती अवघड असतं, आमचा धाकटा पहिले दोन आठवडे असा रडायचा की सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे. आम्ही काय केलं ते सांगतो. सीट आधी गाडीत लावलीच नाही, चार दिवस हॉलमध्ये ठेवली, तिच्यात बसून खाऊ, तिच्यात बसून गोष्ट, ती त्याची खुर्ची झाली. मग उभ्या गाडीत. मग सोसायटीला एक चक्कर. मग दूध आणायला. लांबचा प्रवास त्याच्या झोपेच्या वेळेला काढायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदाही अपवाद केला नाही. एकदा जरी रडतो म्हणून चालत्या गाडीत काढून मांडीवर घेतलं ना, तर त्याला कळतं की एवढं रडलं की निघता येतं, आणि पुढच्या वेळी तो तेवढंच रडतो. खरंच काही होत असेल तर गाडी बाजूला घ्या, थांबा, घ्या कडेवर, शांत झालं की परत बांधा.

दूध पाजायचं असेल तर गाडी थांबवूनच. एक्सप्रेसवेवर खालापूरच्या फूड मॉलला थांबा, हायवेच्या कडेला शोल्डरवर नका थांबू. तान्ह्या बाळाला तसंही दर दीड-दोन तासांनी सीटमधून काढून मोकळं करावं, हनुवटी छातीला टेकून झोपलं तर श्वास अडकू शकतो, म्हणून शेजारी कुणीतरी मोठं बसलेलं बरं.

घरातली मोठी माणसं म्हणतात आम्ही पाच पोरं अशीच वाढवली.

त्यांना उलट बोलू नका, ते खरंच सांगतायत. फक्त तेव्हा घरात गाडी नव्हती, एसटीने प्रवास होता आणि आजच्यासारखे शंभर-एकशेवीसचे रस्ते नव्हते. हॉस्पिटलमधून बाळाला घरी आणताना आजीच्या मांडीवर द्यायचं असतं, तो तिचा मान असतो, हे मला कळतं. आम्ही आईला सांगितलं की बाळाला गाडीत सीटमध्ये तू ठेवायचंस, पट्टे तू लावायचेस, आणि घराच्या दारात उतरवून भाकरतुकडा ओवाळून आत तूच न्यायचंस. ती खूश होती. आता माझ्याआधी तीच पट्टे तपासते.

ओला-उबरमध्ये, काळ्या-पिवळ्या टॅक्सीत, वडापमध्ये काय करायचं?

ॲपवाल्या गाड्यांत मागचा बेल्ट असतो पण त्याचं लॉक सीटकव्हरखाली गाडलेलं असतं. बसायच्या आधी ड्रायव्हरदादांना सांगा की लॉक वर काढून द्या, चांगल्या शब्दांत सांगितलं की बहुतेक जण देतात. तुमच्या स्वतःच्या गाडीत पण कव्हर टाकून घेताना दुकानदाराला आधीच सांगा की सगळी लॉकं बाहेर राहिली पाहिजेत, आणि सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती दाबणारं कव्हर घेऊ नका. बेल्टने बसणारी हलकी बूस्टर सीट टॅक्सीत सोबत नेता येते, मोठ्या मुलाला एवढं नक्की करता येतं.

वडापमध्ये बारा-पंधरा माणसं कोंबलेली असतात तिथे बेल्टचं काय बोलणार. ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याला मी काय उपदेश करू, पण एसटी असेल तर मुलांना घेऊन एसटीने जा.

आणि टू व्हीलरवर?

२०२२ मध्ये केंद्राने नियम केलाय आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि स्पीड चाळीसच्या वर नाही. मुलाला स्कूटरवर पुढे उभं करू नका एवढी विनंती.

गरोदरपणात बेल्ट लावायचा का? बाळावर दाब येईल ना?

लावायचाच, अगदी नवव्या महिन्यापर्यंत. आई सुरक्षित तर बाळ सुरक्षित. फक्त खालचा पट्टा पोटावरून नको, पोटाच्या खालून मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घट्ट. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने. साडी असेल तर निऱ्या आणि पदर सारखा करून मग पट्टा खाली बसवा. लहानसा जरी अपघात झाला, काही दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवून या.

गाडीला आग लागली किंवा पाण्यात पडली तर बेल्टमुळे अडकून पडू की?

असे अपघात फार थोडे असतात, आणि त्यातही आधी धडक होते. बेल्ट नसेल तर त्या धडकेतच माणूस बेशुद्ध होतो, मग बाहेर कोण येणार. शुद्धीवर असलात तर बेल्ट काढायला एक बटण दाबायचंय. मुलांना पण ते बटण कुठे आहे ते शिकवून ठेवा, आणि चालत्या गाडीत हात लावायचा नाही हे पण.

बेल्ट गळ्याला घासतो, पोट सुटलंय, कपडे चुरगळतात...

दरवाज्याच्या खांबावर बेल्टची उंची कमी-जास्त करायचं बटण असतं बऱ्याच गाड्यांत, ते वापरा. काखेतून बेल्ट घालू नका, बरगड्या तुटतात. पोट मोठं असेल तर खालचा पट्टा पोटाखाली ढकला. सीट पार मागे पाडून झोपणं आणि पाय डॅशबोर्डवर टाकणं बंद करा, झोपलेल्या अवस्थेत माणूस बेल्टच्या खालून घसरतो आणि पट्टा पोटावर, गळ्यावर येतो.

बेल्ट न लावता आवाज बंद करणारी ती क्लिप मिळते, ती?

फेकून द्या. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढला आणि १३,११८ जागी चाललेली या क्लिपची विक्री काढायला लावली. कुणी देवाच्या मूर्तीसोबत भेट म्हणून दिली तरी लावू नका. बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली की आवाज येतो, तेव्हा पिशवी खाली ठेवा, नाहीतरी धडकेत ती पिशवी, तो नारळ, तो स्टीलचा डबा सगळं उडतं, जड सामान डिकीतच हवं.

बेल्ट ओढताना मधेच अडकतो, खराब झालाय का?

नाही, जोरात ओढला की तो अडकायलाच हवा, तेच त्याचं काम. हळू ओढा. पण कडा उसवलेल्या असतील, पीळ पडून निघत नसेल, सोडल्यावर आत जात नसेल किंवा लॉकचा टक्क आवाज येत नसेल तर सर्व्हिसला दाखवा. मोठ्या अपघातानंतर बेल्ट बदलायचाच, कारसीट पण. आतून ताणलेला असतो, वरून काही दिसत नाही.

उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे सीटचं लॉक एवढं तापतं की मुलाला चटका बसतो. उपाय?

गाडी लावली की सीटवर पांढरा पंचा किंवा जुनी सुती साडी टाकून ठेवा, आणि बसवायच्या आधी लॉकच्या पत्र्याला आणि पट्ट्याच्या खटक्याला स्वतःच्या मनगटाचा आतला भाग लावून बघा. दारं उघडून दोन मिनिटं हवा जाऊ द्या, एसी लावा, मग मूल. मुलाला गाडीत ठेवून पाच मिनिटांसाठी पण दुकानात जाऊ नका, काच थोडी उघडी ठेवली तरी आतलं तापमान चढतच राहतं. मागे तोंड करून झोपलेलं बाळ आरशात दिसत नाही आणि गडबडीत विसरू शकतं, म्हणून मी माझा मोबाईल किंवा ऑफिसची बॅग मागे त्याच्या सीटशेजारी ठेवतो, उतरताना मागचं दार उघडावंच लागतं.